'साबर बोंडं'मध्ये म्हणे काहीच घडत नाही

दिग्दर्शक रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं' (म्हणजे निवडुंगाची फळं) या मराठी पिक्चरबद्दल एकच मत सगळीकडे फिरतंय, की दोन पुरुषांचं प्रेम दाखवलंय पण ना मारहाण ना आरडाओरडा, आई पण सगळं समजून घेणारी, म्हणजे हा परदेशी फेस्टिव्हलसाठी काढलेला संथ पिक्चर आहे.

आधी 'घडत नाही' हे घेऊ. पिक्चरचा नायक आनंद, त्याचे वडील वारलेत, मुंबईहून गावी येऊन दहा दिवस सुतक पाळायचंय, अनवाणी फिरायचं, आणि बापाचा दहावा व्हायच्या आत नातेवाइकांनी लग्नाचा विषय काढलाय. आईला पोराचं सगळं माहितीय, तरी ती चारचौघांत सांगते की एका पोरीमुळे मन मोडलंय त्याचं म्हणून लग्नाला नको म्हणतो. नवरा गेलाय आणि त्यातच ही बाई पोरासाठी खोटं बोलतेय, अजून काय घडायला हवं होतं? आपल्याकडे दरवेळी कोणी काठी घेऊन अंगावर येत नाही हो, 'यंदा उरकून टाकू' एवढं म्हटलं तरी माणूस कोंडला जातो.

'असे आईबाप नसतातच' म्हणणाऱ्यांचा तर मला खरंच राग येतो. कानवडेंचे वडील ड्रायव्हर होते, घर मुंबईतल्या झोपडपट्टीत, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या सुतकात जे अनुभवलं त्यातून आलीय. कमी शिकलेल्या माणसाला पोटचं पोर कळणारच नाही हे कोणी ठरवलं?

संथ आहे, मान्य. बॅकग्राऊंड म्युझिक नाही, कॅमेरा एका जागी थांबून राहतो. पण आनंदचं ज्याच्यावर प्रेम आहे तो गावातला बाळ्या त्याच्यासाठी बोंडं आणतो ते बघा, ज्याने ती कधी तोडलीत त्याला माहितीय की वरची बारीक कुसं बोटात गेली की दिसत नाहीत आणि दिवसभर सलतात. ती साफ करून दुसऱ्याच्या हातावर ठेवायची, याला अजून डायलॉग कशाला पाहिजे?

अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला २०२५ मध्ये ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं म्हणून पिक्चर तिकडचा होत नाही, भाषा ऐका जरा.

आणि '२०१८ ला ३७७ गेलं (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम), आता कसली बंदी' हे तर अर्धवटच. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिलाय, आणि गावात बाळ्याच्याही मागे लग्नाचा लकडा आहेच. 'ही सगळी शहरातली फॅडं' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं, बाळ्या काही मुंबईहून आलेला नाही, तो तिथलाच शेती करणारा पोरगा आहे.