'एपिसोड संपला, आता आळस सोड' म्हणे!

काल मावशीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं आणि नेमकं माझ्याआधी धाकट्या भावाने वाचलं. त्याला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद (तेजी), कधी नैराश्य असे बरेच दिवस टिकणारे टप्पे, म्हणजेच एपिसोड, येणारा मनाचा आजार. रात्री विचारतो, "ताई, मी खरंच आळशी आहे का गं?"

फॉरवर्ड थोडक्यात असं: मूड सगळ्यांचाच बदलतो, एपिसोड संपला की माणूस ठणठणीत, पुढे काम होत नाही तो आळस, तेजीत दुप्पट काम होतं, बरं वाटलं की गोळ्या बंद.

पहिल्यावर फार शब्द घालवत नाही. सकाळी चिडचिड, दुपारी हसू, याला एपिसोड म्हणत नाहीत. निदानाच्या निकषांत उन्माद साधारण आठवडाभर टिकावा लागतो, नैराश्य दोन आठवडे.

डोकं फिरलं ते 'आळसा'ने. लुईस जड आणि सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास घ्या. बायपोलर-1 चे (ज्यात पूर्ण उन्माद येतो त्या प्रकाराचे) 146 रुग्ण, सरासरी 12.8 वर्षं पाठपुरावा, आठवड्या-आठवड्याचा हिशेब. जवळजवळ निम्म्या आठवड्यांत काही ना काही लक्षणं होतीच. त्यात नैराश्याची उन्मादाच्या तिपटीहून जास्त, आणि बरीचशी पूर्ण एपिसोडमध्ये न बसणारी. म्हणजे कागदावर एपिसोड संपलेला, माणूस अजून त्यातच.

चार ओळींचा मेल भाऊ तीनदा वाचतो, उत्तर लिहितो, खोडतो, लॅपटॉप मिटतो. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस मशीनमध्ये ओले. विसरत नाही हो! "सकाळपासून तेच डोक्यात आहे, हात उठत नाही," म्हणाला. आळशी माणूस निवांत लोळतो. हा न काढलेल्या कपड्यांनीच दमतो.

तेजीत काम होतं, हे अर्धं कबूल. रात्री तीनला उठून त्याने अख्खं प्रेझेंटेशन केलं होतं, चांगलंही होतं. त्याच आठवड्यात तीन कोर्सची फी भरली आणि साहेबांना पहाटे अकरा मेसेज धाडले. प्रेझेंटेशन एकदा वापरलं गेलं. माफी मागणं अजून चालू आहे.

राहिल्या गोळ्या. बायपोलरवर देतात त्या लिथियमने तहान लागते, हात थरथरतात, किडनी-थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. खरंय. म्हणून तर रक्तातली पातळी तपासून डोस ठरवतात. पण एकाएकी बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, विशेषतः उन्मादाचा. कमी करायचं तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.

मावशीला फोन केला. म्हणाली, "अगं, मी कुठे वाचलं? खाली हात जोडलेले होते, म्हणून पाठवलं पुढे."