‘जखमीला हात लावू नका’ सांगणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

मागच्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास माझा भाचा रिंग रोडने घरी येत होता. मानेवाडा चौकाच्या अलीकडे दुभाजकाला लागून एक माणूस पडलेला त्याला दिसला. गाडी आडवी, डोक्यावर हेल्मेट, हात थोडे हलत होते. दोघं-तिघं बाजूला उभे राहून व्हिडिओ काढत होते. भाच्याने गाडी हळू केली आणि पुढे निघून आला. घरी आल्यावर ताटावर बसेना. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मावशी, थांबलो असतो तं पोलिसांनी मलेच धरलं असतं ना. मोठेबाबांनी मेसेज टाकला होता ग्रुपवर."

पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. रस्त्यावर कुत्रं तडफडताना दिसलं तरी थांबणारं. त्याला पुढे जायला लावलं ते या मेसेजने. मी बावीस वर्षं नागपुरातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला सिस्टर होते, त्यामुळे तो वाचून माझं डोकं तापलं. ‘अपघात झाल्यास काय करावे? प्रत्येकाने जपून ठेवा’ असं वर लिहिलंय, मग सहा मुद्दे, आणि खाली ‘एका ज्येष्ठ वकिलाच्या सौजन्याने’. वकिलाचं नाव नाही आणि कायद्याचं एक कलमही नाही.

पहिला मुद्दा असा: "रस्त्यावरील जखमीला हात लावू नका. पोलीस तुम्हालाच आरोपी करतील, नाहीतर साक्षीसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील."

ही भीती हवेतून आलेली नाही, एवढं मी मान्य करते. जखमीला घेऊन आलेल्या ऑटोवाल्याला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. तो बिचारा सारखं म्हणायचा, मी फक्त आणून सोडलं हो. असा माणूस पुन्हा कोणासाठी थांबेल का? पण ते दिवस गेले, आणि ते आपोआप गेले नाहीत. केंद्राने 2015 मध्ये मदत करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने ती सगळ्यांना बंधनकारक केली, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं आणि 2020 मध्ये त्याचे नियमही झाले.

या कलमात काय आहे ते नीट वाचा. जखमीला चांगल्या हेतूने, आपणहून मदत करणाऱ्यावर त्या जखमीच्या इजेसाठी किंवा मृत्यूसाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. मदत करताना त्याच्या हातून काही चुकलं तरीही नाही. नियम त्याच्याही पुढे जातात. तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत आणि रुग्णालयही करू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. तुम्ही आपणहून हो म्हणालात, तर तुमच्या सोयीच्या वेळी, तुमच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी, साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्याने येऊन विचारपूस करायची, आणि तीही एकाच बैठकीत संपवायची. हे हक्क प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, दारापाशी लोकांना दिसतील असे लावायचे आहेत. पुढच्या वेळी कोणाला भेटायला मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत, गेलात तर तो फलक शोधा, आणि दिसला नाही तर विचारा.

म्हणजे त्या रात्री माझ्या भाच्याने 108 ला फोन लावला असता, अँब्युलन्स येईपर्यंत त्या माणसाजवळ बसला असता आणि मग नाव न सांगता घरी आला असता, तरी त्याला अडवायचा अधिकार कोणालाच नव्हता. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात आणि कायद्यातही तो शब्द आहे. वाचू शकणारी कितीतरी माणसं त्याच तासात जातात. गंभीर जखमीला त्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला केंद्र सरकार आता 25,000 रुपये आणि प्रशस्तिपत्र देतं, ‘राह-वीर’ नावाने. पैशासाठी थांबा असं माझं म्हणणं नाही. पण जे काम केलं म्हणून सरकार बक्षीस देतं, त्याच कामासाठी पोलीस तुम्हाला आत टाकतील, हे पटतं का तुम्हाला?

दुसरा मुद्दा, "पोलीस केस आणि डिपॉझिटशिवाय कोणतेही हॉस्पिटल जखमीला घेत नाही." खोटं. आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय आणि कलम 134 मध्येही ड्युटीवरच्या डॉक्टरची ती जबाबदारी लिहिलेली आहे. आणून सोडणाऱ्याकडे पैसे मागता येत नाहीत. शिवाय मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. त्यात अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एखाद्या ठिकाणी टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका, 112 लावा. मेडिकलला ट्रॉमा सेंटर आहे, तिकडे न्या.

तिसऱ्या मुद्द्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, कारण तो वाचून कोणी मदत केलीच तर जखमीचा जीव जाईल. "हेल्मेट ताबडतोब काढा, पाणी पाजा, रक्त येत असल्यास हळद किंवा कॉफी पावडर दाबा."

हेल्मेट ओढू नका. मानेचा मणका मोडलेला असेल तर त्या एका हिसक्याने माणूस जन्मभरासाठी लुळा पडतो. श्वासच अडला असेल, तोंडात उलटी भरली असेल, तरच काढायचं, आणि तेही दोघांनी. एकाने डोकं आणि मान सरळ धरून ठेवायची, दुसऱ्याने पट्टा सोडून हळूहळू सरकवायचं.

पाणी तर अजिबात नको. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजलं की ते श्वासनलिकेत उतरतं. तो शुद्धीवर असला तरी तासाभरात त्याला ऑपरेशनला घ्यावं लागू शकतं, आणि त्यासाठी पोट रिकामं लागतं. "सिस्टर, पाणी मागत होता म्हणून दिलं," असं सांगणारे कितीतरी नातेवाईक मला आठवतात. चेहऱ्यावर पश्चात्ताप नसायचा, कारण आपण चांगलंच केलं असं त्यांना वाटायचं. तहान लागली म्हणाला तर ओठ ओल्या रुमालाने पुसा, बस.

हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट यातलं काहीही जखमेत घालू नका. आम्हाला ते खरवडून काढावं लागायचं, आणि तो माणूस ओरडायचा. स्वच्छ ओढणी किंवा रुमाल जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबून धरा. रक्त थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून पाहू नका. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. पाय धरून, खांदे धरून ऑटोत कोंबू नका. आग लागली असेल, मागून ट्रक येत असतील, तर हलवावंच लागेल. तेव्हा डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी उचला. 108 ला उशीर होणार असेल तर ऑटोपेक्षा मागे आडवं झोपवता येईल असा छोटा टेम्पो बरा. आणि जखमीशी बोलत राहा. त्याचं नाव विचारा, मी इथेच आहे म्हणा.

चौथा मुद्दा आपल्याच हातून धडक झाली तर काय करायचं याचा: "आधी तिथून निघून जा. कायदा 24 तास देतो." अर्धं वाक्य खरं आणि अर्धं घातक. कलम 134 सांगतं की चालकाने जखमीला डॉक्टरपर्यंत पोहोचवायची शक्य ती सगळी धडपड करायची. जमाव चालून आला किंवा हाताबाहेरचं दुसरं कारण असेल तरच त्यातून सूट आहे. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर कळवायचं, आणि 24 तास ही त्याची शेवटची मर्यादा आहे. ती पळून जायची मुभा नाही. नागपुरात दहा मिनिटांत गर्दी जमते आणि हात उगारले जातात, हे मला माहीत आहे. तसं झालं तर जीव वाचवा, पण गाडी थेट ठाण्याकडे न्या आणि वाटेतच 112 ला कळवा. हे न केल्यास कलम 187 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड आहे, आणि माणूस दगावला तर निष्काळजीपणाचा गुन्हा वेगळाच.

पाचवा मुद्दा, "पंचनाम्याशिवाय गाडी हलवू नका." कोणाला लागलेलं असेल तर बरोबर आहे. नुसता कट लागला असेल तर दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे आणि रस्त्याचे चार फोटो काढा आणि बाजूला घ्या. वर्धा रोडच्या मधोमध भांडत उभं राहिलात तर मागून दुसरा अपघात होतो.

सहावा मुद्दा, "तिथल्या तिथे पैसे देऊन मिटवा, विमा कंपनीला कळवू नका, नो क्लेम बोनस जातो." बंपरवर ओरखडा आला असेल तर चालेल, दावा केला की हप्त्यातली ती सूट खरंच जाते. पण माणसाला लागलं असेल तर हे करू नका. विमा कंपनीला कळवणं हेही कलम 134 मध्येच येतं. आणि आज पाच हजार घेऊन गेलेल्या माणसाच्या डोक्यात रक्त साकळलंय हे उद्या कळतं. तेव्हा त्याच्या घरच्यांना त्या थर्ड पार्टी विम्याचाच आधार असतो.

भाऊजींना, म्हणजे भाच्याच्या मोठेबाबांना, मी काल हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी घरच्या ग्रुपवरून मेसेज काढला. कॉलनीच्या ग्रुपवर तो त्यांच्याच नावाने अजून आहे, आणि तिथे 180 माणसं आहेत. हे उत्तर आज रात्रीपर्यंत तिथे टाका, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.