‘पदक नाही, म्हणजे पैसा पाण्यात’ म्हणणाऱ्यांना

भारतीय जलतरणाचा विषय निघाला की गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणे, आपले जलतरणपटू ऑलिंपिकला जातात ते वाइल्ड कार्डवर; टोकियोआधी परदेशी सरावावर केलेला खर्च वाया गेला; आणि समुद्राकाठी वाढलेली गोव्याची पोरं पाठवली असती तर पदक आलं असतं.

पहिला दावा २०२१ च्या बाबतीत साफ खोटा आहे. २६ जून २०२१ रोजी रोममध्ये साजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लायमध्ये १:५६.३८ अशी वेळ दिली. ऑलिंपिकचा ‘ए’ निकष, म्हणजे जी वेळ गाठली की थेट प्रवेश मिळतो ती, होती १:५६.४८. हा निकष गाठणारा साजन पहिला भारतीय. दुसऱ्याच दिवशी तिथेच श्रीहरी नटराजने १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७ सेकंदांत पूर्ण केली, निकष ५३.८५. माना पटेल कोट्यातून, म्हणजे मेसेजवाल्यांच्या भाषेत वाइल्ड कार्डवर, गेली आणि २०२४ ला पॅरिसला गेलेले दोघेही कोट्यातूनच, हे खरं. पण त्यामुळे रोममधली कमाई पुसली जात नाही.

खर्चाचं म्हणाल, तर २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे देशातले तलाव महिनोन्‌महिने बंद होते. म्हणून साजन, श्रीहरी आणि कुशाग्र रावत यांचं शिबिर दुबईला झालं. पाण्यातला सराव सुटला की पोहणाऱ्याचं टायमिंग घसरतं, हे कोणताही कोच सांगेल. टोकियोत साजन २४ वा, श्रीहरी २७ वा. उपांत्य फेरी हुकली. पण ‘ए’ निकषाच्या आत भारताचं कुणी त्याआधी पोचलंच नव्हतं.

आता समुद्र. आपली पोरं धीट आहेत, लाटेला भीत नाहीत, त्याचा मलाही अभिमान आहे. पण शर्यत तलावात असते. बॅकस्ट्रोकवाला पाठीवर पोहतो, त्याला भिंत दिसत नाही. भिंतीआधी ५ मीटरवर डोक्यावर पताका दिसल्या की तो मारलेले हात मोजतो आणि ठरल्या हाताला पालथा होऊन टर्न मारतो. एक हात चुकला की शर्यत गेली. हे मिरामारच्या लाटांत कुठे शिकणार?

आणि वीरधवल खाडे तर कोल्हापूरचा! तिथे कुठला समुद्र? २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य त्याने आणलं, खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतर २४ वर्षांनी. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्याने आपल्याच कांपालच्या तलावात घेतलं, आणि महिलांचं त्याची पत्नी ऋजुताने.