आठ मिनिटांचा हिशेब

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला: माहेरच्या, सासरच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या. मजकूर थोडक्यात असा. भारतात दर आठ मिनिटांना एक बाई गर्भपिशवीच्या कॅन्सरने मरते. हे प्रमाण झपाट्याने वाढतंय. गोव्यासारख्या पुढारलेल्या राज्यांत तो दिसतो, बिहारमध्ये जवळजवळ नाहीच, म्हणजे दोष शहरी राहणीचा. अंगावरून पांढरं जाणं आणि पिशवीला सूज ही त्याची सुरुवात. तेव्हा मुलंबाळं झाली असतील तर चाळिशीच्या आत पिशवी काढून टाकावी, चिंता मिटली. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा’.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. म्हणून आधी ती आठ मिनिटंच घेते.

वर्षाला मिनिटं असतात 5,25,600. आठने भागलं की साधारण 65,700 मृत्यू येतात. हा आकडा कुठून आला असेल ते शोधायला फार वेळ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 सालासाठी भारतातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे 67,477 मृत्यू अंदाजले होते. गर्भाशयमुखाच्या. म्हणजे पिशवीचं तोंड, ज्याला डॉक्टर सर्व्हिक्स म्हणतात. 2020 च्या अंदाजात हे मृत्यू 77,348 झाले, म्हणजे आता आठ नव्हे, सात मिनिटांपेक्षाही कमी. मेसेज लिहिणाऱ्याने निदान ताजा आकडा तरी घ्यायचा.

आता खुद्द पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला होणाऱ्या कॅन्सरचं बघू. त्याच 2020 च्या अंदाजात भारतात त्याचे नवे रुग्ण 16,413 आणि मृत्यू 6,385. भागाकार करा: एक मृत्यू 82 मिनिटांना. गर्भाशयमुखाचा (पुढे नुसतं ‘मुखाचा’ म्हणते) आणि पिशवीचा, दोन्हींना आपण बोलताना ‘गर्भपिशवीचा कॅन्सर’ म्हणून मोकळे होतो, पण हे दोन वेगळे आजार आहेत. मुखाचा जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. अस्तराचा विषाणूतून होत नाही. त्याच्यामागे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, लठ्ठपणा, मधुमेह, वाढतं वय अशा गोष्टी असतात. एक गरिबीच्या आणि तपासणी न होण्याच्या वाटेने येतो, दुसरा सुबत्तेच्या. मेसेजने मृत्यू पहिल्याचे घेतले आणि ‘शहरी राहणी’ दुसऱ्याची.

‘झपाट्याने वाढतंय’ हे कुठून आलं, याबद्दल माझा एक तर्क आहे. अमेरिकेत गर्भाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू खरोखर वाढतायत आणि तिथल्या बातम्या त्याबद्दल सारख्या येतात. तिथे चित्र आपल्या नेमकं उलटं आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या 2024 च्या अंदाजात पिशवीच्या कॅन्सरने 13,250 मृत्यू, मुखाच्या कॅन्सरने 4,360. आपल्याकडे मुखाचे मृत्यू पिशवीच्या बारापट, त्यांच्याकडे पिशवीचे मुखाच्या तिप्पट. त्यातही तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचा पिशवीच्या कॅन्सरचा मृत्यूदर गोऱ्या बायकांच्या जवळपास दुप्पट आहे. एकाच देशातला, एकाच आजाराचा हा फरक. त्यांच्यात जास्त आक्रमक गाठी अधिक आढळतात हे एक कारण, आणि निदानाला व उपचाराला होणारा उशीर हे दुसरं. ही बातमी कुणीतरी मराठीत आणली, ‘युटेराइन’चं ‘गर्भपिशवी’ केलं, आणि शेजारी भारतातला मुखाच्या कॅन्सरचा आकडा चिकटवला. झाला मेसेज तयार.

भारतात मुखाच्या कॅन्सरचा दर चाळीसेक वर्षं उतरतोय. मुंबईची कर्करोग नोंदणी 1960 च्या दशकापासून चालू आहे, बेंगळुरू आणि चेन्नईची 1980 च्या दशकापासून. तिन्हीकडे उतारच दिसतो. चेन्नईत सुरुवातीला लाख बायकांमागे चाळीसच्या घरात असलेला दर आता निम्म्याहून खाली आलाय. गंमत म्हणजे हा उतार तपासणी मोहिमांमुळे आलेला नाही. मोहिमा होत्याच कुठे? लग्नाचं वय पुढे गेलं, बाळंतपणं कमी झाली, घरात नळ आणि न्हाणीघर आलं, याचा तो परिणाम मानला जातो. मग मृत्यू 67 हजारांवरून 77 हजारांवर कसे गेले? बायकांची संख्या वाढली आणि त्यांचं सरासरी वयही. दर उतरतो आणि एकूण आकडा चढतो, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही दरवर्षी नव्याने सांगावं लागतं, तेव्हा मेसेजवाल्याला काय दोष द्यायचा.

पिशवीच्या कॅन्सरचा दर मात्र शहरी नोंदणींत हळूहळू चढतोय, हे मी मान्य करते. आणि एक गोष्ट मला त्या चढापेक्षा जास्त खुपते. अमेरिकेत दर पाच नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, आपल्याकडे पाचामागे दोन. हा आजार बहुतेक वेळा लवकर ओरडून सांगतो: पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसतं. त्या टप्प्यावर पकडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात. पण आपल्याकडे ‘या वयात परत पाळी आली’ म्हणून बाई लाजून गप्प बसते.

आता नकाशा. गोव्यात आहे, बिहारमध्ये नाही.

कॅन्सरने कोण मेलं हे कळायला आधी मरणाचं कारण डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. दवाखान्यातल्या मृत्यूला फॉर्म 4, घरच्या मृत्यूला 4अ. 2020 मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्क्यांना असं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. गोव्यात 100 टक्के, बिहारमध्ये एक आकडी टक्केवारी. जिथे मरणाचं कारण लिहिलंच जात नाही तिथे कोणताच कॅन्सर दिसणार नाही. बिहारची बाई ‘म्हातारपणाने’ किंवा ‘आजारपणाने’ गेलेली असते, आणि तो आजार कोणता होता हे तिच्याबरोबर जातं.

लिहिलं तरी काय लिहिलं, हा पुढचा घोळ. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत सी 53 म्हणजे मुख, सी 54 म्हणजे पिशवीचा मुख्य भाग, आणि सी 55 म्हणजे ‘गर्भाशय, भाग नमूद नाही’. डॉक्टरने घाईत नुसतं ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ लिहिलं की तो मृत्यू सी 55 च्या खोक्यात पडतो आणि दोन्ही आजारांच्या हिशेबातून निसटतो. हा घोळ फक्त आपला नाही, जगभर अभ्यासकांना हे खोकं उघडून त्यातले मृत्यू अंदाजाने दोन्हीकडे वाटावे लागतात. त्यामुळे दोन प्रदेशांच्या मृत्यूदरातला फरक बऱ्याचदा बायकांच्या तब्येतीचा नसतो, फॉर्म भरणाऱ्याच्या सवयीचा असतो.

नोंदणी जिथे नीट आहे तिथला खरा नकाशा मेसेजच्या गोष्टीत बसत नाही. 2012 ते 2016 च्या राष्ट्रीय नोंदणीत मुखाच्या कॅन्सरचा सगळ्यात वरचा दर अरुणाचलातल्या पापुमपारे जिल्ह्यात होता, लाखामागे 27.7. जवळपास तेवढाच मिझोराममधल्या ऐझॉलमध्ये. शहरी राहणीचा दोष म्हणायला मुंबई, दिल्ली त्यांच्या पुष्कळ खाली आहेत.

पुढचा मुद्दा मी आकड्यांनी खोडू शकत नाही, तो घरातून सांगते. अंगावरून पांढरं जाणं, पिशवीला सूज.

माझी धाकटी चुलती बीड जिल्ह्यातली. तिची फाइल मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेले तेव्हा बघितली. फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी, त्यात घड्या पडलेले कागद. एका खासगी दवाखान्याचा सोनोग्राफी रिपोर्ट: ‘बल्की युटेरस’, म्हणजे पिशवी जरा मोठी. एका चिठ्ठीवर ‘सर्व्हिक्स – इरोजन’. बस. पिशवी काढली तेव्हा तिचं वय 32, तक्रार पांढरं जाण्याची आणि कंबरदुखीची. मी विचारलं, मुखाची पेशी-तपासणी केली होती का, तुकडा काढून पाठवला होता का? ती म्हणाली, “अगं, डॉक्टर म्हणले पिशवी सडलीय, आज ना उद्या कॅन्सर होणार. तुझ्या काकांना ट्रेमधे दाखवली की काढल्यावर.” ट्रेमध्ये दाखवली. प्रयोगशाळेत पाठवल्याचा कागद पिवळ्या पिशवीत नव्हता.

पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं. ‘इरोजन’ या शब्दाने पोटात गोळा येतो, पण पुष्कळ तरुण बायकांत आतलं लालसर अस्तर मुखाबाहेर आलेलं दिसतं, ती जखम नसते आणि कॅन्सर तर नाहीच. मुलं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणं हाही रोग नाही. विषाणूच्या संसर्गापासून मुखाच्या कॅन्सरपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. धावत दवाखान्यात जावं अशी लक्षणं वेगळी आहेत: संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, घाण वास येणारा रक्तमिश्रित स्राव, आणि पाळी गेल्यानंतरचा कोणताही रक्तस्राव. मेसेजमध्ये यातलं एकही नाही, याचा मला खरा राग आहे.

आणि शेवटचा सल्ला: काढून टाका.

खरं ते आधी सांगते. पिशवी मुखासकट पूर्ण काढली तर हे दोन्ही कॅन्सर व्हायचा धोका जवळजवळ संपतो. ज्या बाईच्या अस्तरात कॅन्सरपूर्व बदल सापडलेत किंवा घराण्यात विशिष्ट जनुकदोष आहे, तिला डॉक्टर हे सुचवतात आणि ते बरोबरही असतं. पण कधी कधी मुख तसंच ठेवून वरची पिशवी काढतात. मग ज्या कॅन्सरने आपल्याकडे पिशवीच्या कॅन्सरच्या बारापट बायका मरतात त्याची जागा शाबूत राहते, आणि बाई मात्र ‘माझी पिशवी काढलीय’ म्हणून कधीच तपासायला जात नाही. बरोबर अंडाशयंही काढली तर तिशीतच पाळी गेल्यासारखं शरीर होतं: हाडं ठिसूळ, हृदयविकाराचा धोका जास्त, अंगातून वाफा. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे सरकू शकतं. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणाऱ्या बाईसाठी ठिसूळ हाडं म्हणजे काय, हे शहरातल्या ग्रुपला कळणार नाही.

बीडचं नाव 2019 साली देशभर गेलं ते यामुळेच. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहात एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. आंध्रात साडेआठ टक्क्यांच्या वर, तिथेही तपासण्यासारखं बरंच आहे. बीडमध्ये भीती कॅन्सरची दाखवली गेली, पण जमीन आधीच तयार होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघांची एकच जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर, एक दिवस चुकला की 500 रुपये खाडा, म्हणजे दंड. फडात ना संडास ना पाणी, पाळीच्या चार दिवसांत काय करायचं? पुढे जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला.

काढून टाकण्याला पर्याय काय, तर तो याच भागात, शेजारच्याच जिल्ह्यात सिद्ध झालाय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर चाचणी केली. 2009 साली निकाल आला: आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत मुखाच्या कॅन्सरने 34 मृत्यू, न तपासलेल्या गटात 64. (त्या दुसऱ्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून पुढे टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती.) मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर, लावून बघायला शिकवलं. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. सुरी नाही, भूल नाही, कर्ज नाही. आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. पिशवी काढलेल्या बायका, मुखाची तपासणी झालेल्या बायकांपेक्षा जास्त!

या सगळ्यातून नकाशाला आणखी एक भोक पडतं, तेवढं सांगते. कॅन्सरचा दर काढताना वर आजार किंवा मृत्यू आणि खाली त्या भागातल्या सगळ्या बायका घेतात. ज्यांना गर्भाशयच नाही त्यांनाही. शंभरातल्या सतरा जणींची पिशवी काढलेली असेल तर लाखामागे 10 दिसणारा दर उरलेल्या बायकांसाठी खरा 12 असतो. म्हणजे जिथे जास्त पिशव्या निघाल्या तो जिल्हा कागदावर जास्त निरोगी दिसतो. असा आकडा हातात घेऊन उद्या कुणी नवा मेसेज लिहील की बघा, बीडमध्ये पिशव्या काढल्या आणि कॅन्सर कमी झाला.

गेल्या महिन्यात मी चुलतीच्या दवाखान्यात फोन केला. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मिळेल का विचारलं. कागद तीन वर्षं ठेवतात म्हणाले, तिच्या ऑपरेशनला अकरा वर्षं झालीत. त्या पिशवीत काही होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. चुलती 43 वर्षांची आहे, गुडघे धरून उठते, आणि दराच्या भागाकारात खालच्या आकड्यात अजून मोजली जाते.