वॉर्निंग वाजली की विमान लगेच उतरवायचं नसतं

टेकऑफनंतर एखादं विमान घिरट्या घालून तासाभराने परत उतरलं, की एक मेसेज हमखास फिरतो. म्हणे, वॉर्निंग वाजली की पायलटने तडक खाली यावं, खरी की खोटी हे तपासत बसणं म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ. काटे बिघडलेच तर टॉवरला विचारावं, त्यांना रडारवर सगळं दिसतं. आणि तासभर घिरट्या म्हणजे पायलटचा गोंधळ. तिन्ही मुद्दे चूक आहेत, पहिला तर घातक.

तडक खाली येणं काय असतं ते 30 जुलै 1992 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर दिसलं. टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीच्या एल-1011 विमानाची चाकं नुकतीच सुटली होती आणि पायलटच्या हातातला कंट्रोल कॉलम थडथडू लागला: विमान स्टॉल होतंय, म्हणजे पंखांना उचल मिळेनाशी होतेय, अशी ती सूचना. खरं तर सेन्सर बिघडला होता, विमान व्यवस्थित चढत होतं. को-पायलटने कंट्रोल कॅप्टनकडे दिला आणि कॅप्टनने उरलेल्या धावपट्टीवर विमान परत टेकवलं. इंधनाने भरलेलं ते धूड आदळलं, धावपट्टीबाहेर गेलं, जळून खाक झालं. आतले 292 जण वाचले, पण वर जात राहिले असते तर काहीच झालं नसतं.

तपासणं म्हणजे वेळ काढणं नव्हे. कॅप्टनसमोर काट्यांचा एक संच, को-पायलटसमोर दुसरा, शिवाय एक स्टँडबाय. तिन्हींवर नजर टाकायची आणि ज्याचं इतरांशी जुळत नाही ते बाजूला ठेवायचं. 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेल्या एअर इंडियाच्या 'सम्राट अशोक' विमानात हेच वेळेत झालं नाही. विमान सरळ झालं होतं, पण कॅप्टनचा क्षितिजदर्शक ते उजवीकडे कललेलंच दाखवत होता. खाली काळाकुट्ट समुद्र, बाहेर क्षितिज नाही. त्यांनी डावीकडे वळवलं, वळवतच राहिले. फ्लाइट इंजिनिअरने सावध करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. बांद्र्याच्या समुद्रात 213 माणसं गेली. मुंबईकराने तरी तपासण्याला खेळ म्हणू नये.

टॉवरचं म्हणाल तर रडारवर दिसणारी उंची विमानच पाठवतं. 2 ऑक्टोबर 1996 ला लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या 757 च्या पोटाखालच्या हवेच्या दाबाच्या छिद्रांवर धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. उंची आणि वेग, दोन्ही खोटे. मध्यरात्र, खाली पॅसिफिक. पायलटने उंची विचारली, कंट्रोलरने प्रामाणिकपणे 9,700 फूट सांगितली. तोच खोटा आकडा रडारवर पोचला होता! पंख पाण्याला लागला तेव्हाही काटा तेवढंच दाखवत होता. 70 जण गेले. कॉकपिटमध्ये परस्परविरोधी वॉर्निंगांचा कल्लोळ चालू होता आणि त्यात जमीन जवळ आल्याची सूचना मात्र खरी होती, कारण ती रेडिओ लहरींनी थेट खालचं अंतर मोजते. सगळ्याच खोट्या धरून चालत नाही, ते यासाठी.

आता घिरट्या. वेग दाखवणारा काटा गेला तर नाक किती वर आणि इंजिनांना किती जोर, हे आकडे पायलटना पाठ असतात. बोइंग 737-800 ला फ्लॅप्स (पंखांमागच्या सरकत्या पट्ट्या) बाहेर असतील तर 10 अंश आणि 80 टक्के, आत असतील तर 4 अंश आणि 75 टक्के. तेवढं धरून ठेवलं की विमान सुरक्षित उडत राहतं, मग शांतपणे चेकलिस्ट काढता येते. 18 जुलै 2018 च्या रात्री ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं ए330 वेग मोजणाऱ्या तिन्ही नळ्यांवरची झाकणं न काढताच उडालं. तिथे गांधीलमाश्या नळ्यांत घरटी करतात, म्हणून ती झाकणं. जमिनीवर ती कुणाच्याच लक्षात आली नाहीत, ती चूक मोठीच. पण वर गेल्यावर वैमानिकांनी खोटा वेग देणारी यंत्रणा बंद केली, नळ्यांशिवाय वेगाचा अंदाज देणारी पर्यायी वेगपट्टी चालू केली, जमिनीच्या तुलनेतला वेग (तो या नळ्यांवर अवलंबून नसतो) कंट्रोलरकडून घेत राहिले आणि सुमारे तासाभराने विमान धावपट्टीवर आणून उभं केलं. पुढचं चाक वळत नव्हतं, म्हणून तिथून ते ओढून न्यावं लागलं. एकालाही इजा झाली नाही.