कंडिशन काही खरी नाही

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात आलं, व्हीयू3 ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेतलं तुमचं नाव) मिळाला, अभिनंदन! रिग, म्हणजे रेडिओचा संच, कुठला घ्यायचा, अँटेनाची कोॲक्स केबल कुठून ओढायची हे सावकाश ठरवा. आधी एक वाक्य पाठ करा: “आज बँड कंडिशन काही खरी नाही.” म्हणजे, सूर्याच्या मर्जीवर चालणारी वरची हवा आज लहरी दूर पोचवत नाही. हे जमलं की तुम्ही निम्मे हॅम झालात. कोल्हापूरवाला ऐकू येत नाही? कंडिशन. तुमची सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का?’ ही हाक, कुणी उचलत नाही? कंडिशन. तारेच्या डायपोल अँटेनाचा एक पाय पावसाळ्यात तुटून पाण्याच्या टाकीवर पडलाय आणि गच्चीवर चढायचा कंटाळा आलाय? तीही कंडिशनच.

आरोप मात्र अभ्यासू थाटात करा. सकाळच्या चहाबरोबर सोलर फ्लक्स (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा आकडा) आणि के इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा आकडा) बघत जा. फ्लक्स चढा असेल तर “10 मीटरचा बँड उघडायला हवा होता” म्हणा. के पाचवर गेला असेल तर नुसती मान हलवा. सूर्यडागांचं चक्र साधारण 11 वर्षांचं, सध्याचं 25वं, डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेलं, एवढं बोललात की नवखे गप्प बसतात. मे 2024 च्या सौरवादळात लडाखमधल्या हान्लेचं आकाश लाल झालं होतं, तेही सांगा. त्या रात्री तुमच्या रिगवर काय ऐकू येत होतं हे सांगायच्या फंदात पडू नका. तुम्ही झोपला होतात.

घरात 40 मीटरच्या बँडवर रिग लावलीत की सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा एस9 वर जाऊन बसतो आणि स्पीकरमधून अखंड खरखर येते. कुणीतरी आगाऊ माणूस सांगेल, घराचा मेन स्विच पाडा, रिग 12 व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि मग ऐका. चुकूनही करू नका. काटा एस9 वरून एस4 वर आला तर नाइलाजाने मान्य करावं लागेल की तो गोंगाट हॉलमधल्या स्वस्त एलईडी बल्बचा, मोबाइलच्या चार्जरचा आणि वायफायच्या अडॅप्टरचा होता. पाच एस-युनिट म्हणजे 30 डेसिबल, म्हणजे ताकदीत हजारपट. थोडक्यात, समोरच्या बिचाऱ्याने 100 वॉटऐवजी एक लाख वॉट लावावेत अशी तुमची माफक अपेक्षा होती. फेराइटच्या दोन-चार रिंगा आणून वायरींवर चढवल्या की यातलं बरंचसं मिटतं, पण मग शनिवारी बोलायचं कशावर?

शेजारच्या इमारतीवर सोलर पॅनेल बसले असतील तर तुमचं नशीब फळफळलं. इन्व्हर्टर नीट फिल्टर केलेला नसेल, तर ऊन चढलं की खरखर चढते, मावळतीला थांबते. घ्या, दोष सूर्याचाच निघाला की नाही?

गच्चीवर 20 मीटर तार बांधायची परवानगी मागाल तेव्हा सेक्रेटरी रेडिएशनचा मुद्दा काढतील. मोबाइल टॉवरच्या सावलीत उभे राहून काढतील. भाडं येणारं रेडिएशन वेगळं असतं, हे तुम्हाला कळायला हवं.

आता स्पेक्ट्रमचं, म्हणजे रेडिओ लहरींच्या वाटपाचं, धोरण. या विषयात पडूच नका. 2022 च्या लिलावात सरकारने दीड लाख कोटींच्या लहरी विकल्या. अशा बाजारात आपण कोपऱ्यात फुकटात बसलोय, तेव्हा हालचाल न केलेलीच बरी. कुणी म्हणेल, 40 मीटर बँडातला 7100 ते 7200 किलोहर्ट्झचा तुकडा आपल्याला सूर्याने दिला नाही. 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेत माणसांनी भांडून तो ठराव करून घेतला आणि ब्रॉडकास्टवाले 2009 च्या मार्चअखेर तिथून उठले. असेल. इतकी चिकाटी आपल्याला परवडत नाही. 2019 मध्ये फ्रान्सने हॅमचा 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा विमानसेवेसाठी तपासायची टूम काढली, तेव्हा जगभरच्या हॅमनी सह्यांची मोहीम काढली, पत्रं लिहिली आणि तो प्रस्ताव मागे पडला. तुम्ही मात्र नियमांचा मसुदा आला की हरकतींची मुदत शांतपणे संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी नेटवर, म्हणजे हॅमच्या ठरल्या वेळेच्या हवेतल्या बैठकीत, सरकारचा खरपूस समाचार घ्या. रिपीटर (आपला सिग्नल उचलून पुढे पाठवणारं केंद्र) आठवडाभर मुका असला तरी चालेल. रविवारी “गुड मॉर्निंग, यू आर फाइव्ह नाइन” (म्हणजे तुमचा आवाज अगदी स्पष्ट) म्हटलं की बँड राखला.

आणि कुणी विचारलंच की तुम्हा लोकांना या लहरी हव्यात कशाला, तर हुकमाचा पत्ता टाका: 26 डिसेंबर 2004. परवानगी काढून अंदमानात गेलेली हॅमची टीम तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये होती. त्सुनामीत संपर्क तुटला आणि त्यांनी कित्येक घरांना आपल्या माणसांची खुशाली कळवली. हे अक्षरशः खरं आहे, म्हणूनच तर वीस वर्षं पुरलं. तुमची स्वतःची बॅटरी शेवटची कधी चार्ज केली होती, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर विषय सोलर फ्लक्सवर न्या.

पुढची जागतिक रेडिओ परिषद 2027 मध्ये शांघायला आहे. घाबरू नका, तोवर 25वं चक्र उताराला लागलेलं असेल आणि पुढची तीन-चार वर्षं कारण शोधावं लागणार नाही.