महापालिकेत नियुक्त पाचातली एक जागा तृतीयपंथीयांना द्या

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला पुनवेला आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं किती लोक जातात सांगायला नको, तिथं डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेला जोगता (देवीला वाहिलेला भक्त, बऱ्याचदा तृतीयपंथी) समोर आला की आपली म्हातारी माणसं वाकून पाया पडतात, परडीत जोगवा घालतात, भंडारा लावून घेतात. तोच जोगता रेशनकार्डाचं काम घेऊन खिडकीवर उभारला की क्लार्क आधारवरचा फोटो बघतो, परत तोंडाकडं बघतो, मग शेजारच्याला बोलावून दाखवतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि अजून राग येतो.

सुप्रीम कोर्टानं २०१४ ला तृतीयपंथीयांना शिक्षण-नोकरीत आरक्षण द्या म्हटलं, आपल्या कर्नाटकानं २०२१ ला सरकारी नोकरीत १ टक्का दिलंसुद्धा, देशात पहिलं राज्य, चांगलंच झालं. पण जिथं निर्णय होतात तिथं त्यांच्यासाठी राखीव काहीच नाही.

लोक मत देणार नाहीत हे खोटं आहे. तृतीयपंथी शबनम मौसी २००० लाच मध्यप्रदेशात आमदार झाल्या, माळशिरस तालुक्यात तरंगफळला ज्ञानेश्वर कांबळे २०१७ ला सरपंच झाले. अडवतात ते अर्जाच्या टेबलावर. जळगावकडं भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा महिला वॉर्डातला अर्ज बाद केला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, परवानगी आणली आणि २०२१ ला निवडून आल्या. कटनीच्या कमला जान तर महापौर झाल्या होत्या, तरी जागा महिलांची आणि तुम्ही पुरुष म्हणून कोर्टानं निवडच रद्द केली. जोगव्यावर पोट असलेल्यानं वकिलाला पैसे कुठनं आणायचे?

म्हणून सोपं मागणं आहे. महापालिकेत निवडून आलेल्यांशिवाय सरकार पाचजणांपर्यंत नियुक्त करू शकतं, त्यात समाजसेवक पण बसतात, कायदा बदलायची गरज नाही. दर वेळी तिथं पार्टीचे कार्यकर्ते घालायचे ते घाला, पण एक जागा ह्यांना द्या. नियुक्त सदस्याला मत नसतं, ठाऊक आहे, पण बोलता येतं की! सार्वजनिक शौचालयात जायचं कुठल्या बाजूला, घर भाड्यानं कोण देत नाही, हे त्यांच्याशिवाय सभागृहात कोण काढणार? मराठीत परिपत्रकं द्या म्हणून आपण सीमाभागातली माणसं किती वर्षं भांडतोय, आपला माणूस आत असला तर निदान विषय तरी निघतो, हे आपल्याला वेगळं सांगायला लागतं व्हय?

आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना आणि आमदारांना मी हे लेखी देणार आहे. अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून ठेवलाय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली कळवा, पण त्याआधी आपल्या गल्लीत येणाऱ्या जोगत्यांना विचारा, त्यांच्यातलं कोण जायला तयार आहे ते, नाव त्यांनीच ठरवायला पायजे.